चित्रातल्या माणसांचे देणे

गेल्या हिवाळ्यात काही कामानिमित्त आमचे नगरास जाणे झाले. शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे झाले आहे. परंतु जुन्या सवयीने तोंडी नगर हेच येते, याबद्दल वाचक क्षमा करतील. तेथील एका स्नेह्यांनी आम्हांस आग्रहाने एका शाळेच्या सभागृहात नेले. जिल्ह्यातील आठदहा चित्रकारांनी मिळून तेथे आपल्या चित्रांचे प्रदर्शन मांडले होते. भिंतींवर सारा जिल्हाच उभा होता म्हणावयास हरकत नाही. भंडारदऱ्याचे पाणी होते, रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ होते, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा होता. चांदबिबीचा महाल म्हणून लोक जिला ओळखतात ती सलाबतखानाची कबर होती. धनगरांची मेंढरे होती. आणि पाथर्डी-जामखेडकडील उघडेबोडके माळ व त्यांवरून निघालेल्या ऊसतोड्यांच्या गाड्याही होत्या.

त्यांत एका चित्रापाशी बरीच मंडळी थांबत होती. उन्हाळ्यातली टळटळीत दुपार, तापलेली पायवाट, आणि पाण्याच्या टँकरकडे ओळीने निघालेल्या सातआठ बायका. लुगड्यांचे लाल-पिवळे रंग त्या करड्या माळावर मोठे खुलून दिसत होते. आम्हीही ‘वा!’ म्हणून मान डोलविली आणि पुढल्या चित्राकडे वळलो. इतक्यात सभागृह झाडावयास आलेली एक बाई हातातील बादली खाली ठेवून त्या चित्रापुढे उभी राहिली. थोडा वेळ न्याहाळून तिने चित्रकारास विचारले, “दादा, ह्या बाया पाण्याला चालल्यात, का पाणी घेऊन आल्यात?” चित्रकार म्हणाला, “चालल्यात.” त्यावर ती म्हणाली, “मग माना अशा ताठ कशापायी? रिकामी घागर कोण अशी धरतंय?” जवळचे दोघेतिघे हसले. चित्रकारही प्रथम हसला. पण मग गंभीर झाला आणि त्याने तिला रिकामी घागर कशी नेतात ते दाखवावयास सांगितले. तिने बादली उचलून दाखविली. रिकामे भांडे कधी आडवे डोक्यावर असते, कधी कमरेवर सैल टेकलेले असते, कधी नुसतेच हातात लोंबते. चालणारीचे लक्ष भांड्याकडे नसून वाटेकडे असते. भरलेल्या घागरीखाली मात्र मान ताठ, पाऊल आखूड आणि नजर समोर. इतक्या सुशिक्षित मंडळींस त्या चित्रात जे दिसले नव्हते ते तिला एका क्षणात दिसले.

हा प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु त्याने आमच्या मनात जो प्रश्न उभा केला तो क्षुल्लक नाही. जो कलावंत आपल्या मुलखाचे व आपल्या भोवतालच्या माणसांचे चित्र काढतो, तो त्या माणसांचे काही देणे लागतो काय? लागत असल्यास ते कोणते, आणि ते कोठवर फेडावयाचे?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रांतातल्या कलावंताने प्रांतातलाच विषय घेतला म्हणजे त्याच्या कृतीस आपोआप काही गुण चढतो, असे पुष्कळांस वाटते. अशा चित्रांविषयी लिहिताना ‘मातीचा सुगंध’ हे शब्द इतके सढळपणे वापरले जातात की, खऱ्या मातीस त्याची लाज वाटावी. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच असून ते महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. पण शिखराची उंची चित्रास लाभत नाही. नथ, पागोटे आणि बैलजोडी रंगविल्याने चित्र मराठी होते असे मानल्यास कापडदुकानाच्या दिनदर्शिकेवरील चित्रे ही मराठी कलेची परमावधी ठरेल. विषय जवळचा असणे हा गुण नव्हे. ती एक जबाबदारी आहे. दूरच्या देशाचे चित्र चुकले तर त्याची साक्ष काढावयास कोणी नसतो. घरच्या अंगणाचे चित्र चुकले तर साक्षीदार दारातच उभे असतात.

नगर शहरात चित्रकला आजची नव्हे. १४९० साली अहमद निजामशहाने या शहराचा पाया घातला, आणि त्यानंतर शंभर वर्षे लोटण्यापूर्वीच तेथे चित्रांनी सजलेली एक पोथी तयार झाली. आफताबी नावाच्या कवीने पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर रचलेले हे फारसी काव्य ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या नावाने प्रसिद्ध असून त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. १५६५ सालच्या विजयनगराविरुद्धच्या मोठ्या लढाईचा प्रसंगही तीत चितारलेला आहे. दख्खनी चित्रकलेच्या आरंभकाळाचा हा अमोल ठेवा होय. त्या चित्रांचे विषय राजा, राणी, दरबार आणि रणांगण हे आहेत. नगरभोवतीचा कुणबी, धनगर किंवा कोष्टी हा त्यांचा विषय नव्हे. त्या काळी ते साहजिकच होते, आणि त्याबद्दल त्या चित्रकारांस दोष देणे अन्यायाचे होईल.

परंतु त्या पोथीत दुसरी एक गोष्ट आहे, ती मात्र मनास चटका लावून जाते. राणी खुंझा हुमायून हिची आकृती अनेक चित्रांत राजाच्या शेजारी रेखाटली होती. ती पुढे कोणी पुसून वा रंगाने झाकून टाकिली. हुसेनशहा वारल्यावर हिने अल्पवयी मुलाच्या नावाने राज्यकारभार पाहिला, आणि पुढे त्याच मुलाच्या कारकिर्दीत तिला बंदीत पडावे लागले. या पाडावानंतरच तिच्या आकृतीवर हा हात फिरला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. राजा सिंहासनावर तसाच आहे. शेजारी, जेथे राणी होती, तेथे नुसता डाग आहे. चित्रात कोणी राहावयाचे व कोणी नाही, हे तेथे कुंचल्याने ठरविले नाही. चित्र ज्याच्या ताब्यात होते त्याच्या मर्जीने ठरविले.

आजच्या चित्रकारावर कोणा सुलतानाची सत्ता नाही, हे खरे. परंतु राजाची जागा रिकामी राहत नसते. मुंबईस बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली व जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले. प्रांतातल्या गुणी चित्रकारांस या संस्थांनी जे व्यासपीठ दिले त्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. तथापि शहरातील दालनाबरोबर शहरातील ग्राहकही येतो, आणि त्यालाही मर्जी असते. तो कोणाची आकृती पुसून टाका असे सांगत नाही. तो फक्त विशिष्ट आकृतीच विकत घेतो. सुरकुतलेला चेहरा, गर्द लाल पागोटे, धुळीतून परतणारी गुरे ही त्याच्या दिवाणखान्यास शोभतात. त्याच खेड्यातील प्लास्टिकचा हंडा, अर्धवट राहिलेली सिमेंटची भिंत व फडावर निघालेल्या कुटुंबाचे चिंध्यांचे गाठोडे शोभत नाही. हळूहळू चित्रकारास न कळत त्याचा हात त्या मर्जीकडे वळू लागतो. दुष्काळ हा रंगसंगतीचा विषय होतो, आणि घागर भरलेली आहे की रिकामी, हे विचारावयाचे राहून जाते. नगरच्या त्या चित्रात नेमके हेच झाले होते, असे आम्हांस वाटते. चित्रकार अप्रामाणिक नव्हता. तो जिच्याविषयी बोलत होता तिच्याऐवजी दुसऱ्याच कोणाशी बोलत होता, इतकेच.

यास नैतिक प्रश्न का म्हणावे, अशी शंका कोणी काढील. एखाद्याचा चेहरा रंगविल्याने त्याचा चेहरा काही कमी होत नाही. शेत रंगविल्याने शेतातले पीक जात नाही. मग देणे कसले? याचे उत्तर आमच्या मते असे आहे. ज्या दालनात ती पाण्याला निघालेली बाई कधी पाऊल टाकणार नाही, तेथे ते चित्र तिच्या वतीने बोलते. तिला कधी न भेटणारी हजारो माणसे तिला त्या चित्रावरूनच ओळखणार. तिच्या कष्टांविषयी त्यांचे जे मत बनेल ते त्या रंगांवरून बनेल. वकीलपत्र न घेता चालविलेली ही वकिली आहे. न्यायालयात अशी वकिली कोणी खपवून घेणार नाही. कलेत ती खपते, कारण पक्षकार गैरहजर असतो. गैरहजर माणसाविषयी बोलताना खरे बोलण्याचे बंधन हजर माणसाविषयी बोलताना असते त्याहून कमी नसून अधिकच असते. देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे घेऊन माणूस जन्मास येतो, असे आपले पूर्वज मानीत. चित्रकाराने त्यांत चौथ्याची भर घातली पाहिजे, आणि ते म्हणजे ज्यांची रूपे त्याने घेतली त्या माणसांचे ऋण.

हे ऋण पैशाने फिटत नाही. ते चित्र त्या माणसांस दाखविल्याने फिटू लागते. फ्रान्समधील मिले या चित्रकाराचे उदाहरण येथे विचार करण्याजोगे आहे. स्वतः शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या या चित्रकाराने १८५७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात कापणी झालेल्या शेतात सरवा वेचणाऱ्या तीन बायकांचे चित्र मांडले. सरवा म्हणजे काय हे आपल्याकडील शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. वाकलेल्या पाठी, जमिनीस लागलेले हात आणि मागे दूरवर दुसऱ्याच्या मालकीच्या गंजी, एवढेच त्यात होते. पण त्याने पॅरिसमधील सुखवस्तू प्रेक्षक बिथरले. दारिद्र्य इतके ठळकपणे डोळ्यांपुढे आलेले त्यांस सहन झाले नाही. मिले १८७५ साली वारला. पुढे त्याच्या ‘एंजेलस’ या चित्रास लाखो फ्रँक किंमत आली. त्याची चित्रे टिकली ती त्यांतील पाठ खरोखरी वाकलेली आहे म्हणून. त्या वाकण्यातला भार ज्याला स्वतःच्या अंगाने ठाऊक होता त्यानेच ती रंगविली होती. परंतु वाद घालणारे सारे सरवा न वेचणारे होते, हेही विसरता येत नाही.

याच्या उलट दुसरे उदाहरण या जिल्ह्यातच आहे, आणि ते दूरच्या उदाहरणाहून मोठे आहे. नेवाशास १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली. संस्कृत जाणणाऱ्या पंडितांच्या सभेत मान मिळविणे त्या प्रतिभेस अशक्य नव्हते. पण ती टीका समोर बसलेल्या श्रोत्यांच्या भाषेत, त्यांस वारंवार संबोधून, त्यांच्या अवधानाची याचना करीत सांगितली गेली. तिच्यातील दृष्टांत शेताचे, पाण्याचे, दिव्याचे, आईलेकराचे आहेत. म्हणजे ज्यांच्या जीवनातून दृष्टांत घेतले तेच पहिले श्रोते होते. दृष्टांत चुकला असता तर तो तेथल्या तेथे उघडा पडला असता. त्या ग्रंथाची कीर्ती पुढे सर्वत्र झाली. पण त्याची पहिली परीक्षा नेवाशासच झाली. आपल्या माणसांसमोर उभे राहिल्याने कृती लहान होते, हे म्हणणे या एका उदाहरणाने खोटे पडावयास हरकत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप रसिकतेचा. कला पाहावयास तयार झालेली दृष्टी लागते. अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ म्हटले तो, काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा रसिकच कलाकृतीचा अधिकारी प्रेक्षक होय. झाडू मारणाऱ्या बाईस चित्राचे मर्म काय कळणार, असे म्हणता येईल. यात काही तथ्य आहे. रंगांचा तोल, रेषेची लय, मोकळ्या जागेचे सौंदर्य या गोष्टी शिकलेल्या डोळ्यास अधिक कळतात, आणि त्या बाबतीत त्या बाईचे मत शेवटचे मानावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु यशोधराने चित्राची जी सहा अंगे सांगितली त्यांत सादृश्य हेही एक आहे. आणि सादृश्याचा अधिकारी कोण? घागरीच्या बाबतीत तो अधिकार घागर वाहणारीचाच आहे. काव्याच्या अभ्यासाने आरसा स्वच्छ होतो, तसा जगण्याच्या अभ्यासानेही होतो. सहृदय दोन प्रकारचे असतात असे मानल्यास भांडण मिटते; मात्र दालनात आपण एकाच प्रकारच्या सहृदयास बोलावितो, हे कबूल करावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि आम्हांस स्वतःस तो फार दिवस छळीत होता. ज्यांचे चित्र त्यांस दाखवावे म्हटले, तर ते त्यात स्वतःची स्तुतीच शोधतील. गावच्या पुढाऱ्यास कोरडी विहीर दिसली की गावाची बदनामी झाली असे वाटेल. कोणास आपले फाटके धोतर नको असेल, कोणास आपल्या शेजाऱ्याचे घर चित्रात नको असेल. राणीची आकृती पुसणारा हात तिच्या घरच्याच दरबारातला असावा ना? जवळच्या माणसांस सत्य झाकण्याची गरज दूरच्या माणसांपेक्षा जास्त असते. मग कलावंताने शहरी ग्राहकाची मर्जी सोडून गावाची मर्जी धरावयाची, यात त्याने मिळविले काय?

हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच ऐकणे आणि आज्ञा पाळणे यांत भेद केला पाहिजे. कलावंताने आपल्या माणसांचे सारे ऐकावे. मानावे मात्र निवडून. निवडीची कसोटी आमच्या मते सोपी आहे. जो आक्षेप चित्रात सत्याची भर घालतो तो स्वीकारावा, मग तो कितीही सामान्य तोंडातून येवो. जो आक्षेप चित्रातून सत्य काढून घेतो तो नाकारावा, मग तो कितीही मोठ्या तोंडातून येवो. त्या बाईने घागर रिकामी केली, तेव्हा चित्रातले दुःख वाढले आणि खरेपणाही वाढला. एखाद्या प्रतिष्ठिताने टँकरच काढून टाका असे म्हटले असते, तर दोन्ही कमी झाले असते. पहिला आक्षेप हाताच्या अनुभवातून येतो, दुसरा लाजेतून किंवा स्वार्थातून. ऐकणाऱ्याचे मन स्वच्छ असेल तर हा फरक ओळखणे फारसे अवघड नसते. आणि मन स्वच्छ नसेल तर मुंबईचे दालनही त्याला वाचवू शकणार नाही.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि त्याची टिंगल करण्याचा अधिकार पोट भरलेल्यास नाही. गावात चित्र दाखवून वाहवा मिळेल, पण रंगाचे पैसे कोण देणार? कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या कलाशाळेत शिकून नाव मिळवून परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा यांचीच चित्रे काढीत १९३१ साली कोल्हापुरातच निवर्तले. परंतु त्यांच्या पाठीशी शाहू महाराजांसारखा गुणग्राही राजा होता. त्याच शहरातील चंद्रकांत मांडरे यांनी आपली निसर्गचित्रे व राहते घर सरकारच्या स्वाधीन करून ती कोल्हापूरकरांस कायमची पाहावयास ठेविली. परंतु त्यांचा चरितार्थ चित्रपटातील अभिनयावर चालला होता. ज्यास राजाश्रय नाही व दुसरा धंदाही नाही त्या नगरच्या चित्रकारास केवळ ऋणाचे तत्त्वज्ञान सांगणे हा निर्दयपणा होय. म्हणून येथे प्रश्नाचे तोंड कलावंताकडून आपणांकडे वळते.

राजे गेले, त्यांची जागा आता जिल्ह्यातील सुस्थितीतल्या कुटुंबांनी घ्यावयास पाहिजे. आपल्या मध्यम स्थितीतील घरांत लग्नमुंजींच्या मांडवावर, रोषणाईवर व जेवणावळींवर जो खर्च होतो त्याचा शंभरावा हिस्साही आपल्या गावच्या चित्रकाराकडे जात नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर परदेशातील कोणत्या तरी बर्फाळ डोंगराचे छापील चित्र असते, आणि त्याच घरातील मुलास रतनवाडी कोठे आहे हे सांगता येत नाही. आम्ही हे दुसऱ्यास दूषण देण्यासाठी लिहीत नाही. त्या दिवशी आम्हीही एका चित्राची किंमत विचारली, ‘विचार करून कळवितो’ असे म्हणालो, आणि परत आलो. तो विचार अद्याप पुरा झालेला नाही, हे येथे नमूद करणे आम्हांस भाग आहे.

आणखी एक गोष्ट. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा हा जिल्हा राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोल्याकडील डोंगरात पाऊस कोसळत असतो तेव्हा जामखेडकडे आभाळाकडे डोळे लागलेले असतात. नगर शहरात मांडलेले प्रदर्शन रतनवाडीच्या महादेव कोळ्यास मुंबईइतकेच दूरचे आहे. तेव्हा चित्रांनीच प्रवास करावयास हवा. शाळांच्या पडव्या आहेत, ग्रामपंचायतींची सभागृहे आहेत, आठवड्याचे बाजार आहेत, मढीसारख्या यात्रा आहेत. सह्याद्रीच्या डोंगरपट्टीत बोहाड्याच्या रात्री गावातल्याच हातांनी रंगविलेले मुखवटे घालून गावातलीच माणसे गावासमोर नाचतात. तेथे करणारा, दाखविणारा व पाहणारा असे तीन पक्ष नसतात. त्या लोकांस कला दाखविणे म्हणजे काय, हे आपण शिकविण्याची गरज नाही. आपण केवळ चित्रे घेऊन त्यांच्यापर्यंत पोचावयाचे आहे.

आमचे म्हणणे असे नव्हे की, गावकऱ्यास दाखविलेले चित्र शहरास दाखवू नये. जरूर दाखवावे, मुंबईस, दिल्लीस, पॅरिसासही दाखवावे. क्रम मात्र बदलावा. जिच्या कमरेवर घागर आहे तिने आधी पाहावे, जिच्या घरात नळ आहे तिने नंतर पाहावे. पहिलीच्या परीक्षेतून उतरलेले चित्र दुसरीस अधिक काही सांगेल. कारण त्यातील माणसे तोवर नुसते रंग राहिलेली नसून साक्षीदार झालेली असतील. चित्र विकल्याने चित्रकाराचे घर चालते, आणि ते चाललेच पाहिजे. पण ज्यांची रूपे घेऊन ते काढिले त्यांच्यापुढे मान खाली न घालता ते मांडता येणे, यातच त्याच्या धंद्याची अब्रू आहे. आणि ते मांडावयास भिंत मिळवून देणे यात आपली.